मनगटावरचं माप

बायको मेली त्याला लई वर्षं झाली. लोक म्हणतात, बुढा अजून तिचंच घेऊन बसतो. बसतो. दुसरं काय घेऊन बसू? दुसऱ्या इयत्तेपर्यंत शाळा झाली, त्यात जेवढं लिहिता आलं तेवढ्यात हे लिहितो आहे. गोड लिहिता येत नाही. गोड असं त्यात काही नव्हतंही.

मी पिंपळगाव राजाच्या बाजारात मापारी होतो. शेतकऱ्यानं ज्वारीची रास ओतली की तिच्यापुढं उकिडवं बसायचं, पायलीनं मोजायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. पुढचं माप पडेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे मध्ये कुणी बोललं तरी चुकत नाही. बापानं कान पिळून एक गोष्ट शिकवली होती. पायली भरून वर शीग आली, तरच ते माप. उणं भरलं तर तोंडातून आकडा काढायचा नाही, राशीत परत ओतायचं आणि पुन्हा भरायचं. उणं माप मोजणाऱ्या मापाऱ्याला कोणी राशीजवळ उभं करत नाही. माझा हात तसाच घडला. डोळे मिटून बसलो तरी उणी पायली माझ्या हाताला कळायची.

नवं राज्य झालं होतं आणि बाजारात किलोची वजनं यायला लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. बायकोला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता म्हणे. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आता विहिरीवरून भरली घागर आणताना ती वाटेत दोनदा खाली टेकवायची. मग एकदा ओट्यावर बसली ती बसलीच. ओठ जांभळे पडले होते. खामगावच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं छातीला नळी लावून लई वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हिच्या हृदयात एक दार आहे, ते आखडलंय. रक्त पुढं जायला त्रास होतो. गोळ्या देतो. काम बंद."

काम बंद म्हटल्यावर ती त्याच्याकडं अशी पाहत राहिली, जसं काही त्यानं जेवण बंद म्हटलं.

त्याच महिन्यात संग्रामपूरहून सांगावा आला. आमची एकच पोरगी, ती तिकडं दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे काही मी सांगायला नको. पण बाळंतपण म्हणजे नुसती खाट टाकणं नसते. पाणी तापवा, शेक द्या, अंग चोळा, दळण दळा, लाडू करा, रात्रंदिवस उभं राहा. घरात दुसरी बाई नव्हती. माझी आई जाऊन बरेच दिवस झाले होते. विहीणबाई सांगाव्यासोबत एक वाक्य जास्तीचं पाठवून मोकळ्या झाल्या. "तुमच्यानं होत नसन तर सांगा, आमच्या घरी काई कमी नाई. पण मंग लोकं इचारतीन, पोरीले माहेर होतं का नव्हतं."

बायकोनं ते ऐकलं आणि म्हणाली, "पोरगी इथंच येईन."

"डॉक्टरनं काय सांगतलं ते इसरली का?"

"डॉक्टरले पुन्हा इचारू. महिने हायेत अजून. मले उभं रायता आलं पाह्यजे, बस. तेवढंच मांगते मी."

पुन्हा गेलो. डॉक्टर नाही म्हणाला, तर ती खुर्चीवरून उठेचना. शेवटी त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं. घरी जातं आहे ना? बसून करायचं काम आहे, म्हणून म्हणतो. सुरुवात पावशेर ज्वारीनं करा. दळायच्या आधी नाडी मोजायची, दळल्याबरोबर मोजायची, थोडं टेकल्यावर मोजायची. आठवडाभर तेवढंच दळण. त्याच दळणाला नाडी कमी लागली, लवकर खाली बसली, तर समजायचं अंगात ताकद येते आहे. मग थोडं वाढवा. नाडी चढली, बसेना झाली, तर थांबा." मग मला म्हणाला, "मोजता येतं ना?"

बायको हसली. किती दिवसांनी हसली. "डाक्टरसाहेब, याहीले मोजताच येते. दुसरं काईच येत नाई."

घड्याळ माझ्याकडं नव्हतं. त्यानं टेबलाच्या खणातून बोटभर लांबीची काचेची नळी काढून दिली. मध्ये बारीक कंबर आणि आत वाळू. उलटी धरली की अर्ध्या मिनिटात वरची वाळू खाली पडते, तेवढ्या वेळात ठोके मोजायचे. दवाखान्यातल्या बाया वापरायच्या ती. मनगटावर अंगठ्याच्या खाली बोटं कुठं ठेवायची, किती दाबायची, हे त्यानं माझा हात धरून शिकवलं. तिथंच एकदा मोजायला लावलं. माझा आकडा आणि त्याचा आकडा एकच आला. तो म्हणाला, "वा." मला त्या 'वा'चा फार आनंद झाला होता. आता त्या 'वा'चं नाव काढलं तरी तोंड कडू होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुरुवात केली. ती जात्याशी बसली, मी तिच्यापुढं उकिडवा. तिचा हात हातात घेतला, नळी उलटी केली आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "लाभ."

"आगं माय," ती म्हणाली. "माह्या हातात काय जवारी भरली का?"

"बोलू नको, चुकते."

"लाभ म्हने! पाहा बरं, शीग येते का वर."

पहिले दिवस लई वाईट गेले. पावशेर ज्वारी म्हणजे काय, एका माणसाची भाकर. तेवढ्यात ती घामानं भिजायची. नाडी बोटाखाली पळायची, वाळू संपायच्या आत पन्नासाच्या वर जायची, आणि टेकून बसली तरी खाली यायची नाही. पण ठोका ठोका भरलेला असायचा, टणक. मी तिला खोटं सांगितलं नाही. जेवढे तेवढे सांगायचो. ती म्हणायची, "उद्या पाहू."

मग हळूहळू फरक पडायला लागला. तेच पावशेर, आणि नाडी थोडी कमी. मग अजून कमी. आम्ही अर्धा शेर केलं. पहिले दोन दिवस चढली, मग बसली. मग शेर. दारामागच्या भिंतीवर मी कोळशानं रेघा ओढत होतो. दळणाची रेघ वर वर चढत होती आणि नाडीची खाली उतरत होती. एखादा बैल गाडीला नवा जुंपला की आधी धापा टाकतो आणि मग त्याचा दम बसत जातो, तसंच मला वाटलं. बाजारात मी न विचारता लोकांना सांगायचो. माझ्यासोबतचा एक हमाल म्हणाला, "बायकोले बैलावानी शंकरपटात उतरवतं का बे?" मी हसलो. मला तेव्हा काहीही म्हटलं तरी हसू यायचं.

शेरावरून अधोली झाली, म्हणजे अर्धी पायली, दोन शेर. तेव्हा ती जात्यावर गाऊ लागली होती. आजारी पडल्यापासून तिनं ओवी म्हटली नव्हती. आधी एकच ओळ म्हणायची आणि थांबायची. पोरीची ओवी होती, तिची स्वतःची जुळवलेली. पूर्ण लिहीत नाही, ती तिची आहे. मला वाटलं, दम पुरतो आहे, म्हणून गाते. थांबायची ते दम संपल्यामुळं, हे मला का दिसलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. मी तिच्या तोंडाकडं पाहतच नव्हतो. मी वाळूकडं पाहत होतो.

त्याच सुमारास तिची नाडी बोटाला वेगळी लागायला लागली. एक ठोका भरलेला, मग एक पोकळ, नुसता हवेसारखा, मग दोन भरलेले, मग एक जागा रिकामीच. मी भरलेले मोजले. पोकळ सोडून दिले. मी हे ठरवून केलं नाही. तीस वर्षं ज्या हातानं उणी पायली राशीत परत ओतली, त्याच हातानं हे केलं. आकडा रोज कमी येत होता. चाळीस. चाळिसाच्या आत. तरण्या गड्याची नाडी, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "पाहा बाप्पा, मी तरनी झाली."

पोरीला आठवा लागायचा होता तेव्हा आम्ही पायलीवर आलो. ती पायली तिनं एका बैठकीत दळली. जातं थांबवून भिंतीला टेकली, डोळे मिटले, हात माझ्यापुढं केला. मी मोजलं. कमी. इतकी कमी की मी नळी पुन्हा उलटी करून मोजलं. तेवढीच. मी उठलो आणि संग्रामपूरला जाणाऱ्या मोटारीवाल्याजवळ सांगावा दिला: पोरीला पाठवा, घर तयार आहे.

डॉक्टरकडं जायचं ते फक्त त्याला दाखवायला, असं मी समजत होतो. त्याच्या तोंडून पुन्हा एकदा 'वा' ऐकायला. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना ती मध्ये थांबली आणि म्हणाली, "पदर अडकला." पदर अडकला नव्हता.

मी सगळं घडाघडा सांगितलं. पायली दळते, नाडी एवढी. डॉक्टरनं ऐकून घेतलं, तिच्या पायाकडं पाहिलं, नडगीवर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग त्यानं छातीला नळी लावली आणि मला म्हणाला, "मापारी, तुम्ही हात धरा. मी इथं ऐकतो, तुम्ही तिथं मोजा."

वाळू संपली. मी माझा आकडा सांगितला. त्यानं त्याचा सांगितला. माझ्या दीडपटीच्याही वर होता.

मला राग आला. "उभ्या बाजारात माझं माप कुनी खोटं म्हटलं नाई," मी म्हणालो.

"मी खोटं म्हणत नाही. पुन्हा मोजा. या वेळी मोठ्यानं."

मी मोठ्यानं मोजू लागलो. लाभ, दोन, तीन. छातीतला ठोका ऐकला की तो पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायचा. माझ्या आठ आणि नऊच्या मध्ये दोन टकटकी झाल्या. बारा आणि तेराच्या मध्ये तीन. मी मोजायचं थांबलो, टकटक थांबली नाही.

"हे मधले का सोडले?" त्यानं विचारलं.

"भरलेले नव्हते."

"म्हणजे?"

"हाताले लागले न लागले असे. उने होते. उनं माप धरत नाई आमी."

त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "हृदयानं ते मारलेच ना हो. रिकामे मारले. काही तर तुमच्या बोटापर्यंत पोचलेच नाहीत. जितकं जास्त धडपडतं, तितके जास्त रिकामे जातात. तुम्ही पोचलेले मोजले. निघालेले किती, ते इथं ऐकू येतं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मग तो तिच्याकडं वळला. "बाई, छातीत फडफड होत नव्हती? जीव घाबरत नव्हता?"

"होत होता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले दिवस. कोंबडी धरल्यासारखं होये आतमंदी."

"मग सांगितलं का नाही?"

"हे मोजून राह्यले होते ना. म्या म्हटलं, मोजनाऱ्याले जास्त समजते." मग खाली पाहत ती म्हणाली, "आन सांगतलं असतं, तं पोरीले येऊ देलं असतं का तुमी?"

परत येताना मोटारीत ती खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "मले तरी सांगाचं." ती म्हणाली, "तुमी एवढे खूश होते." आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी मी संग्रामपूरला गेलो, दिलेला सांगावा परत घ्यायला. पोरीनं ट्रंक भरून ठेवली होती. ती दारात उभी, पोटावर हात, म्हणे, "आजच निघाचं का बाबा?" मी म्हणालो, मायची तब्येत जरा नरम आहे, बाळंतपण इथंच होऊ दे. पोरीनं ट्रंकेतून एक लुगडं काढलं, पुन्हा ठेवलं. विहीणबाई आतून म्हणाल्या, "म्या तं आधीच म्हटलं होतं." बरोबरच होतं त्यांचं. पोरीनं मला गाडीपर्यंत सोडताना फक्त एवढं विचारलं, "लई नरम हाये का?" मी म्हणालो, "जरा."

बायको त्यानंतर जात्याशी बसली नाही. खाटेवर उशा रचून बसायची. आडवं झालं की दम लागायचा. पाय सुजले, मग पोट. मी डॉक्टरला एकटाच जाऊन विचारलं की आधी आलो असतो तर? तो म्हणाला, "आधी आला असता तरी माझ्या हातात फार नव्हतं." खरं सांगितलं की माझी समजूत काढली, मला माहीत नाही. दोन्ही सारखंच आहे आता. एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो, ती बसल्या जागी गेलेली होती. डोळे दाराकडं होते. दारात कोणी नव्हतं.

तिला जाऊन चार दिवस झाले आणि संग्रामपूरला पोरगी बाळंत झाली. मुलगा. व्याही स्वतः आले सांगायला. आनंदाची बातमी घेऊन सुतकाच्या घरी आले बिचारे, ओसरीवर टोपी हातात धरून बसले. म्हणाले, "सुनेले मायचं काई सांगतलं नाई. ओली बाळंतीन हाये, दूध आटन. बाया म्हनतात, सव्वा महिना तरी सांगू नका. बारशाले तुमी आले नाई तं तिले संशय येईन. आता तुमीच पाहा."

मला मुलगा नाही. क्रिया मीच करत होतो. दहाव्याला न्हावी आला, तेव्हा मी डोकं पुढं केलं आणि मिशीला हात लावू दिला नाही. भावकी खवळली. चुलतभाऊ म्हणाला, "बायको मेली अन् मिशी पिळतो का? लाज नाई?" मी म्हणालो, "नाई." डोक्यावर फेटा बांधता येते. मिशीवर काय बांधू?

बारशाला गेलो. टोपडं, झबलं, चांदीचे वाळे, आणि शेजारणीनं करून दिलेले डिंकाचे लाडू. फेटा घट्ट आवळून बांधला होता. घरातल्या सगळ्या बायांना माहीत होतं. त्या माझ्या पुढं चहा ठेवत होत्या आणि तोंड फिरवत होत्या. विहीणबाईंनी बारशाआधी मला बाजूला घेतलं. त्यांच्या जिभेची मला धास्ती होती. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "रडू नका तिच्यापुढं. रडाचं असन तं आता गोठ्यात जाऊन रडून घ्या." मी गोठ्यात गेलो. तिथं उभा राहिलो, पण रडू आलं नाही. परत आलो.

पोरगी अंधाऱ्या खोलीत शेगडीजवळ बसली होती. पोरगा मांडीवर. तिनं लाडू मोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"हे मायच्या हातचे नाई."

"शेजारणीनं वळले. मायनं सांगतलं, तसेच."

"माय काऊन नाई आली?"

"डाक्टर म्हने, मोटारीत बसू नको."

"अजून नरमच हाये का?"

"बरी हाये. सुधरून राह्यली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आईसारखी नजर होती, सरळ. "खरं सांगा बाबा. दळते का ती?"

"दळते."

"किती?"

मी आयुष्यात उणं माप कधी बोललो नव्हतो. "पायली," मी म्हणालो.

तिचं तोंड एकदम उजळलं. पोराला उचलून त्याच्या कानाशी म्हणाली, "ऐकलं का रे? तुही आजी पायलीभर दळते." मग मला म्हणाली, "मंग मी सव्वा महिना झाला का येतेच. चांगले दोन महिने रायतो आमी. सांगा तिले."

"सांगतो."

खोलीबाहेर आल्यावर मी व्याह्यांना विचारलं, तिला सांगायचं कोणी. ते विहीणबाईंकडं पाहू लागले. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्याच घरी सांगा भाऊ. माह्यानं नाई होनार."

सव्वा महिना मी कसा काढला, ते लिहिण्यासारखं नाही. बाजारात जायचो, मोजायचो, घरी यायचो. घरातली खाट उचलून ठेवली. भिंतीवरच्या रेघा शेणानं सारवून टाकल्या. सांगायची वाक्यं रोज जुळवायचो आणि एकही जमायचं नाही. शेजारीण म्हणाली, ती आली का मी आधी तिला माझ्या घरी घेते, हळूहळू कानावर घालते. मी नाही म्हणालो. ते माझं काम होतं.

ज्या दिवशी मोटार आली त्या दिवशी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. डोक्यावर केस नुसते खुंटाएवढे आले होते, तरी फेटा नव्हता बांधला. आधी जावई उतरले, ट्रंक घेऊन. मग ती, पोराला पदराखाली धरून. तिनं मला पाहिलं आणि हसली. मग माझ्या मागं पाहू लागली. मग माझ्या डोक्याकडं. मोटारीवाला टपावरून आमचीच एक पिशवी खाली देत होता, त्यानं दोनदा हाक मारली. ती कोणी घेतली नाही.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.